विनयातील ‘विस्सास’

पालि वाङ्मयात ‘सद्धा’ आणि ‘विस्सास’ हे शब्द वेगवेगळ्या अर्थांनी येतात. मराठीत मात्र दोहोंसाठी पुष्कळदा ‘विश्वास’ हाच शब्द योजला जातो. सद्धा ही त्रिरत्नांविषयी, तर विस्सास हा माणसामाणसांतला. या दुसऱ्या शब्दाचा इतिहास आम्हास अधिक उद्बोधक वाटतो, कारण विनयाने त्यास नियमाचे रूप दिले आहे.

महावग्गाच्या चीवरक्खंधकात रोज नावाच्या मल्लाचे क्षौमवस्त्र आनंदाजवळ ठेवलेले होते, आणि आनंदाला त्याची गरज पडली, असा प्रसंग आहे. न दिलेले घेणे हा अपराध. तो पाराजिकापर्यंत जाऊ शकतो. भगवंतांनी येथे पाच अटींवर अनुज्ञा दिली. वस्तूचा धनी परिचयाचा असावा, स्नेही असावा, त्याच्याशी बोलणे झालेले असावे, तो जिवंत असावा, आणि ‘मी घेतले तर तो संतुष्टच होईल’ हे घेणाऱ्यास ठाऊक असावे. निर्णायक अट शेवटची आहे. ती घेणाऱ्याची सोय पाहत नाही, धन्याचे मन पाहते.

हा रोज कोण, हेही ध्यानात घ्यावे. भेसज्जक्खंधकात तो आनंदाचा मित्र म्हणून येतो. भगवंत कुसिनारेस आले तेव्हा स्वागतास न जाणाऱ्यास पाचशेचा दंड मल्लांनी ठरविला होता; त्या धाकाने आपण आलो, बुद्ध, धम्म वा संघ यांविषयीच्या आदराने नव्हे, असे त्याने आनंदास उघड सांगितले. पुढे तो उपासक झाला. पण मैत्री त्याआधीची. म्हणजे सद्धेवाचून विस्सास असू शकतो.

आपल्याकडे याच्या उलट घडले. गावचा सरकारी भरणा खजिन्यात पोहोचविण्याचे काम महार वतनदाराकडे असे. ज्याच्या हाती पैसा निर्धास्त सोपविला, त्याच हाताचा स्पर्श मात्र विटाळ ठरला. यास विस्सास म्हणता येणार नाही. ही वेठ होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयी विधेयक मांडले, ते या व्यवस्थेविरुद्धच.

१९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानंतर ‘विश्वस्त’ हा शब्द आपल्या विहारांच्या पाट्यांवरही रुळला. ‘विहार आपलाच आहे’ असे म्हणून दानातील वस्तू घरी नेणारे आढळतात. आमच्या मते त्यांना विस्सासाचा आधार घेता येत नाही. तो एका ओळखीच्या, जिवंत धन्यापुरता आहे. आणि संघाची जमीन, विहार, मंचपीठे, धातूची भांडी ही तर संघालाही वाटून टाकता येत नाहीत, असे चुल्लवग्ग सांगतो.

धनी कोण, याचा विचार विनयात फार बारकाईने झाला आहे. एका भिक्षूने दुसऱ्याच्या हाती तिसऱ्यासाठी चीवर धाडले आणि वाटेत नेणाऱ्याने ते विस्सासाने घेतले. धाडणारा ‘देही’, म्हणजे ‘त्याला दे’, असे म्हणाला असेल, तर धनी अजून तोच. त्याच्याविषयीच्या विस्सासाने घेतले तर ते योग्य. ‘दम्मि’, म्हणजे ‘मी त्याला देतो’, असे म्हणाला असेल, तर चीवर तेव्हाच तिसऱ्याचे झाले, आणि धाडणाऱ्याच्या स्नेहावर ते घेता येत नाही.