दप्तर कुणाच्या हाती: कुलकर्णी, तलाठी आणि सातबारा

गावच्या जमिनीचा हिशेब पेशवाईत कुलकर्णी ठेवत असे. पाटील वसुली करी आणि कुलकर्णी ती लिहून काढी. दोन्ही कामे वतनाची, बापाकडून मुलाकडे जाणारी. कुलकर्ण्याचे दप्तर मोडीत लिहिलेले, कापडी रुमालात बांधलेले आणि त्याच्या स्वतःच्या घरात ठेवलेले असे. कोण किती जमीन कसतो, कुणाकडे किती बाकी आहे, कुणाची सूट मंजूर झाली, हे सगळे त्या रुमालात असे. मोडी न येणाऱ्या कुणब्याला ते पडताळून पाहण्याची सोय नव्हती. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कुलकर्ण्यावर जो घाव घातला, त्याच्या मुळाशी दप्तरावरची ही एकहाती सत्ताही होती.

१८१८ मध्ये पेशवाई गेली तरी ब्रिटिश अधिकारी एल्फिन्स्टनने पाटील आणि कुलकर्णी दोघांनाही कायम ठेवले. नव्या राज्यकर्त्यांकडे गाव ओळखणारी दुसरी माणसेच नव्हती. या उणिवेची किंमत लवकरच मोजावी लागली. १८२८ च्या सुमारास प्रिंगल या अधिकाऱ्याने दख्खनमध्ये जमिनीची मोजणी आणि आकारणी सुरू केली. कागदावर त्याची पद्धत शास्त्रशुद्ध होती, पण प्रत्यक्ष शेतावर जाऊन नोंदी करणाऱ्या खालच्या नोकरांनी लाच घेऊन खोटे आकडे भरले. आकारणी बेसुमार चढली आणि शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने सुरुवात केली. साखळीने मोजणी, मातीची प्रतवारी, प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर आणि तीस वर्षे न बदलणारा आकार ही त्यांची पद्धत १८४७ च्या संयुक्त अहवालाने पक्की झाली. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर, हे माप शेतकऱ्याच्या तोंडी कायमचे बसले ते या मोजणीतून.

मोजणीने जमीन निश्चित झाली, पण जमिनीवरचे हक्क निश्चित झाले नाहीत. सरकारला सारा कोण भरतो एवढेच हवे होते. कूळ, गहाण, वाटणी यांची दखल दप्तरात नीट येत नसे. ती घ्यायला लावणारा मुंबई इलाख्याचा हक्कनोंदणीचा कायदा १९०३ मध्ये झाला. पुढे अँडरसन या अधिकाऱ्याच्या नियमपुस्तिकेने गावच्या सगळ्या हिशेबांना क्रमांकाचे नमुने दिले. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही, सात म्हणजे अधिकार अभिलेख, बारा म्हणजे पिकांची नोंद आणि आठ-अ म्हणजे खातेदाराचे खाते. सातवा आणि बारावा नमुना एकाच कागदावर येऊ लागला आणि ‘सातबारा’ हा शब्द जन्माला आला. महाराष्ट्रातल्या कुटुंबांच्या भांडणांत, लग्नांच्या बोलण्यांत आणि कर्जाच्या अर्जांत या शब्दाइतका वजनदार शब्द क्वचितच दुसरा असेल.

नमुने बदलले तरी लिहिणारा हात तोच होता. तो बदलण्याचे धाडस कोल्हापूर संस्थानात झाले. १९१८ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कुलकर्णी वतने बरखास्त करून पगारी तलाठी नेमले आणि ही जागा सर्व जातींना खुली केली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातले तरुणही तलाठी झाले. वतनदारांनी कडवा विरोध केला. वर्तमानपत्रांतून टीका झाली, गावाचे काम बंद पडेल असे भाकीतही झाले. पण केवळ हुकूम काढून महाराज थांबले नव्हते. गावकामगारांना शिकवून तयार करण्यासाठी त्यांनी आधीच पाटील शाळा काढली होती. माणसे घडवून मग पद्धत बदलायची हा त्यांचा क्रम होता. महसुली कारभाराच्या पुढच्या शंभर वर्षांत हा क्रम फार थोड्यांनी पाळला.

मुंबई राज्यात वतने जायला स्वातंत्र्य यावे लागले. परगणा व कुलकर्णी वतने नष्ट करणारा कायदा १९५० चा. तो १ मे १९५१ पासून लागू झाला. मुलकी पाटलाचे पद १९६२ च्या कायद्याने संपले. विदर्भ आणि मराठवाड्यात पटवारी होते. त्या प्रदेशांसह साऱ्या राज्याला एकच नियम लावणारी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ मध्ये आली. काही गावांचा मिळून एक सजा, सजाला तलाठी, त्याच्यावर मंडळ अधिकारी आणि हाताशी कोतवाल, ही रचना आजही तशीच आहे. याच काळात कूळकायद्याने लाखो नोंदी बदलल्या आणि तलाठ्याच्या एका फेरफाराला माणसाच्या आयुष्याएवढे वजन आले.

संगणक आला तो या ओझ्यावर. १९८८-८९ मध्ये केंद्र सरकारने भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणासाठी देशातले आठ जिल्हे निवडले, त्यांत महाराष्ट्रातला वर्धा होता. पुढे सातबाऱ्याची छापील प्रत तालुक्याला मिळू लागली, पण तलाठ्याची हस्तलिखित वहीही चालूच राहिली. एकाच शेताचे दोन सातबारे झाले; नावांत, क्षेत्रांत आणि इतर हक्कांत फरक पडले. ही तफावत दूर करणे हे या साऱ्या बदलातले सर्वांत कष्टाचे काम ठरले. ई-फेरफार प्रणालीसाठी सुमारे अडीच कोटी सातबारे हस्तलिखिताशी ताडून पाहावे लागले. गावोगावी चावडी वाचन करून नोंदी लोकांना ऐकवल्या गेल्या. दिवसा सर्व्हर चालत नसे म्हणून अनेक तलाठ्यांनी रात्री जागून हे काम उरकले. डिजिटल सातबाऱ्याचे श्रेय वाटताना या रात्री विसरल्या जातात, हे न्याय्य नाही.

१ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला की त्याची माहिती थेट तलाठ्याच्या संगणकावर येते. नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत आणि मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी हे टप्पे मात्र संहितेतलेच राहिले. १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवर करू लागला आणि बाराव्या नमुन्याचा पहिला लेखक प्रथमच बदलला. एका तलाठ्याकडे अनेक गावे असल्याने काही ठिकाणी खासगी मदतनीस, लोकांच्या भाषेत ‘झिरो तलाठी’, दप्तर हाताळत आले. रिक्त जागा भरल्याशिवाय ही वाईट प्रथा संगणकाने जाणारी नव्हती. २०२३ मध्ये ४,६४४ जागांची भरती निघाली, तेव्हा दहा लाखांहून अधिक अर्ज आले.

त्याच वर्षी मराठा आरक्षणाच्या प्रश्नावरून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि जुने रुमाल पुन्हा उघडले गेले. कागद तालुक्यात होते, अनेक ठिकाणी त्यांची छायाचित्रेही संगणकावर होती, पण मोडी वाचणारी माणसे मोजकीच निघाली. त्यांना गाठून, बोलावून नोंदी वाचून घ्याव्या लागल्या. पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, तलाठ्याचे पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले. गावात त्याला अजून तलाठीच म्हणतात, आणि तो देतो त्या कागदावरचे नमुने अजूनही सात आणि बाराच आहेत.