पुलगावचा पूल आणि थोरोचा जमाखर्च

पुण्या-मुंबईकडची मंडळी पुलगावला आली की दुसऱ्या दिवशी हमखास विचारतात, "इथे बघण्यासारखं काय आहे?" डोंगर नाही, समुद्र नाही. वर्धा नदी, तिच्यावरचा रेल्वेचा पूल आणि पावसाळा सरला की सगळीकडे कपाशी. पण 'बघण्यासारखं' काय, हे ठरवतं कोण?

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या लेखकांनी या प्रश्नाचा बराच कीस काढला. १८४१ साली डाउनिंग नावाच्या रोपवाटिकावाल्याने बागरचनेवर पुस्तक लिहिलं आणि ते खूप गाजलं. वळणदार वाट, आपोआप उगवल्यासारखे वाटणारे झाडांचे पुंजके, मऊ हिरवळ. घर कसं चित्रातल्यासारखं दिसलं पाहिजे! आता असं चित्र जमायचं तर गवत कापणारा गडी नजरेआडच राहायला हवा, नाही का?

थोरोचं तसं नव्हतं. १८४५ ते १८४७ तो वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या झोपडीत राहिला. १८५४ साली आलेल्या 'वॉल्डन'मध्ये तळ्याच्या रंगांचं वर्णन करता करता हा माणूस चक्क जमाखर्च मांडतो. अडीच एकरात घेवडा लावला, निंदण स्वतः केलं, नफा ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट. अर्धा सेंटसुद्धा सोडला नाही!

तळ्याजवळून आगगाडी जायची. तिची शिट्टी त्याला ससाण्याच्या किंकाळीसारखी वाटे. त्याच गाडीतून कापूस येतो आणि विणलेलं कापड जातं, हेही त्याने टिपून ठेवलंय. तिकडचा कापूस पिकायचा तो दक्षिणेतल्या गुलामांच्या कष्टावर. गुलामगिरी पोसणाऱ्या सरकारला कर देणार नाही म्हणून १८४६ साली थोरो एक रात्र तुरुंगात राहून आला होता.

आणि इथून गोष्ट आपल्या दारात येते. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडकला, विलायतेतल्या गिरण्या उपाशी पडल्या आणि सगळ्यांचे डोळे वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या मातीकडे वळले. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. त्याच मार्गावर वर्धा नदीवर पूल झाला, आणि आपल्या गावाच्या नावातच तो पूल आहे. थोरोच्या रानात गाडी शिरली; इथे गाडीमुळे गाव वाढलं.

शिवारही बदललं. देशी कपाशीचं फूल पिवळं असतं. अमेरिकन कपाशीचं फूल आज दुधी, तर उद्या गुलाबी. आज विदर्भात बहुतेक सगळीकडे हे दुसरंच फूल दिसतं.

दिवाळीच्या सुमारास बोंडं फुटून शेत पांढरंशुभ्र होतं. आपली माणसं ते क्षणभर बघतात आणि लगेच विचारतात, "भाव काय?" पाहुण्यांना हा अरसिकपणा वाटतो. मला नाही वाटत. ज्याने ते शेत निंदलं, त्याच्यासाठी भाव हा त्या दृश्याचाच भाग आहे. ज्या वर्षी भाव पडतो, त्या वर्षी तेच पांढरं शेत बघवत नाही, हे विदर्भात कुणाला सांगायला नको.

आपल्या निसर्गवर्णनांत श्रावण भरपूर आहे. वेचणीची मजुरी फार थोडी. म्हणून एक विनंती. घरात आजोबांच्या जुन्या वह्या असतील, पेरणीचा खर्च, बियाण्याचे पैसे, क्विंटलचा भाव लिहिलेल्या, तर रद्दीत घालू नका. आपलं निसर्गलेखन आहे ते.