छातीवरील आघात आणि फुफ्फुसविदारण

काशीतील मणिकर्णिका घाटापासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या शीतला घाटावर ७ डिसेंबर २०१० रोजी सायंकाळी गंगा आरतीच्या वेळी बॉम्बस्फोट झाला. त्यात एका बालिकेचा मृत्यू झाला व तिसाहून अधिक जण जखमी झाले. काही जण स्फोटानंतरच्या धावपळीत जखमी झाले. अशा प्रसंगी अंगावरील जखमा तत्काळ दिसतात. छातीच्या पिंजऱ्यात झालेली इजा मात्र काही काळ लपून राहते. फुफ्फुसविदारण, म्हणजे फुफ्फुसाची ऊती फाटणे, ही त्यांपैकी एक गंभीर इजा होय.

मुक्या मारात वायुकोशांत रक्त उतरते, पण ऊतीची रचना टिकून राहते. विदारणात ती तुटते. फुफ्फुस लवचीक असल्याने फाटलेल्या कडा मागे खेचल्या जातात आणि सरळ चिरेऐवजी गोल पोकळी तयार होते. तीत हवा, रक्त किंवा दोन्ही साठतात. चीर फुफ्फुसावरणापर्यंत पोहोचली, तर हवा बाहेर पडून फुफ्फुस आकसते.

मणिकर्णिकेवर पावसाळ्यात पायऱ्या पाण्याखाली जातात आणि पूर ओसरल्यावर गाळाचा थर राहतो. दगडी पायरीवर छातीवर आदळणे किंवा लाकडाच्या ओंडक्याखाली सापडणे, या दोन्ही प्रकारांत छाती अचानक दाबली जाते. तुटलेल्या बरगडीचे टोक फुफ्फुसात घुसूनही ते फाटते. लहान मुलांच्या बरगड्या लवचीक असतात. म्हणून एकही बरगडी न मोडता मुलाचे फुफ्फुस फाटू शकते. ही बाब पालकांच्या सहसा लक्षात येत नाही.

स्फोटाची दाबलहर हवा आणि ऊती यांच्या सीमेवर सर्वाधिक हानी करते. उघड्या घाटावर ती चहूकडे विखुरते, तर बंद जागेत भिंतींवरून परावर्तित होऊन अधिक घातक ठरते. मुंबईत ११ जुलै २००६ रोजी उपनगरी गाड्यांच्या डब्यांत ७ स्फोट झाले आणि १८०हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. बंदिस्त, गर्दीने भरलेल्या डब्यातील स्फोटात फुफ्फुसांना असाच धोका असतो.

धाप लागणे, खोकल्यातून रक्त पडणे आणि छातीत दुखणे ही मुख्य लक्षणे आहेत. साध्या क्ष-किरण चित्रात भोवतालच्या मुक्या मारामुळे विदारण पहिले दोन-तीन दिवस झाकले जाऊ शकते. पूर्वी ही इजा दुर्मीळ मानली जाई. सीटी स्कॅनचा वापर वाढल्यावर तसे नसल्याचे स्पष्ट झाले.

बहुसंख्य रुग्णांना प्राणवायू, वेदनाशमन आणि छातीत बसवलेली नळी एवढे उपचार पुरतात. नळीतून प्रारंभीच सुमारे दीड लिटर रक्त आल्यास किंवा त्यानंतर काही तास दर तासाला २०० मिलिलिटरहून अधिक रक्तस्राव होत राहिल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. कृत्रिम श्वसनयंत्राचा दाब बेताचाच ठेवावा लागतो; अन्यथा फाटलेल्या भागातून हवा रक्तप्रवाहात शिरण्याची भीती असते.

घाटामागच्या अरुंद गल्ल्यांत रुग्णवाहिका शिरत नाही. जखमीला उचलून मोठ्या रस्त्यापर्यंत न्यावे लागते. अशा वेळी छाती घट्ट बांधू नये. त्याने श्वास आणखी उथळ होतो. छातीत रुतलेली वस्तू जागेवरून काढू नये. शुद्धीवर असलेल्या जखमीला, पाठीच्या कण्याला इजा झाल्याची शंका नसल्यास, अर्धवट बसवून न्यावे.

मुका मार साधारणतः आठवडाभरात ओसरतो. विदारणाची पोकळी भरण्यास मात्र अनेक आठवडे, क्वचित काही महिनेही लागतात.