बेरेच्या तटावर

वेल्समधल्या दसनी नदीचं खोरं मागे टाकून चढ चढा. कादर इद्रिस डोंगर पाठीशी, आणि समोर लांबोळक्या कातळावर ढासळलेला गड, कास्तेल-अ-बेरे. कातळात खोदलेला खंदक ओलांडून पहिल्या दरवाजाच्या जोत्यावर पाय ठेवा. आता मागे वळू नका.

छिन्नीचे आवाज ऐकू येतायत. साल 1221. मेरियोनिथ मुलूख वेल्श राजा लुवेलिननं पोटच्या पोराकडून, ग्रिफिदकडून, नुकताच काढून घेतलाय आणि तिथेच हा गड उभारायला घेतलाय. कातळ जसा वळतो तसा तट वळवलाय. दक्षिण टोकाचा बुरूज पाहा: चौकाकडची बाजू सपाट, बाहेरची अर्धगोल. ही खास वेल्श गवंड्यांची धाटणी. उत्तरेकडच्या इमारतीसाठी तर दगडावर नक्षी कोरली जातेय. आडरानातल्या गडावर एवढी कलाकुसर! लुवेलिनला इथे नुसती चौकी नको होती, राजाचं घर हवं होतं.

चौकातल्या विहिरीपाशी या. एप्रिल 1283. माणसं हलक्या आवाजात बोलतायत. लुवेलिनचा त्याच नावाचा नातू गेल्या 11 डिसेंबरला मारला गेला. त्याचा भाऊ डाविद आता राजा म्हणवतो, पण तो गडावर नाही. खाली खोऱ्यात इंग्रज राजा एडवर्डचं सैन्य उतरलंय. तटावरून तुम्हाला त्याच्या शेकोट्या दिसतात. पलीकडच्या पक्ष्यांच्या कड्यावर समुद्रावरून आलेले पाणकावळे घरट्यांकडे परततायत. त्यांना कुणी अडवत नाही. वाट फक्त तुमचीच अडलीय.

25 एप्रिलला दरवाजे उघडतात. जूनमध्ये डाविद पकडला जातो, ऑक्टोबरमध्ये श्रूजबरीला त्याला हालहाल करून मारतात. एडवर्ड गडाशेजारी इंग्रजांचं गाव वसवतो. 1294 मध्ये मादोग या वेल्श बंडखोराच्या उठावात गडाला पुन्हा वेढा पडतो आणि त्यानंतर हे सगळं ओस पडतं.

वेल्सचे किल्ले म्हणून जग कार्नारवन आणि कॉनवी पाहतं. 1986 पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहेत. पण ते जिंकणाऱ्यानं, जिंकलेल्या मुलखाला धाकात ठेवायला बांधले. वेल्समध्ये गेलात तर आधी बेरेला जा. इथला दगड वेल्श राजानं स्वतःसाठी रचलाय.