वादळाचे बारसे

११ नोव्हेंबर १९२७ रोजी कोकण किनाऱ्याजवळ 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन आगबोटी एकाच वादळात बुडाल्या. ११ नोव्हेंबर २००९ रोजी दुपारी अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान एक चक्रीवादळ किनारा ओलांडून गेले. तारीख तीच, समुद्र तोच, आणि हंगामही तोच: पावसाळा सरलेला, नारळी पौर्णिमेला समुद्रात नारळ पडून होड्या कधीच बाहेर निघालेल्या. तरी या दोन वादळांत एक मोठा फरक आहे. दुसऱ्याला नाव आहे, 'फयान'. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बंदरांवर आजही वारा सुटला की 'फयानसारखं होतंय की काय' असे म्हणणारा कोणीतरी भेटतोच. पहिल्याला नावच नाही. ते ओळखले जाते बुडालेल्या बोटींवरून.

सोलापूरसारख्या कोरड्या गावात बसून मी वादळांच्या नावांमागे का लागलो, हे पुढे येईलच. आधी हा फरक नीट पाहू.

आपल्या पश्चिम किनाऱ्याची जुनी रीत अशी की संकटाला नाव द्यायचे नाही, संकटात जे गेले त्याचे नाव धरून ठेवायचे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या दिवशीच्या वाऱ्याला आणि लाटेला कोणी वेगळे नाव दिले नाही. 'रामदास बुडाली' एवढ्यात सगळे आले. त्याआधी नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघालेली 'वैतरणा' ही आगबोट काठेवाडच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. बोटीवर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणत. तिच्यावर गुजरातीत लोकगीत झाले आणि ते शंभर वर्षांहून अधिक काळ गाइले गेले. त्या गीतात कप्तान आहे, बोट आहे; वादळ बिनानावाचेच आहे. गंमत अशी की पुढे २००९ च्या एप्रिलमध्ये बंगालच्या उपसागरातल्या एका वादळाला भारताने दिलेले नाव लागले, ते होते 'बिजली'. यादी करणाऱ्यांच्या मनात काठेवाडची बोट असेल असे मला वाटत नाही.

देशावर, म्हणजे आमच्याकडे, बोटी नाहीत. आमच्याकडे नावे मिळाली ती दुष्काळांना: दुर्गादेवीचा दुष्काळ, बहात्तरचा दुष्काळ. पुण्याच्या १२ जुलै १९६१ च्या पुराला फुटलेल्या धरणाचे नाव मिळाले, पानशेतचा पूर. आणि पावसाला तर शेतकऱ्याने इतकी नावे दिली की हवामान खात्याने हेवा करावा. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मघांचा सासूचा, पूर्वांचा सुनेचा, हस्ताचा तो हत्ती. मात्र ही नावे त्या वर्षीच्या त्या पावसाची नसतात. ती पंचांगातल्या जागेची असतात. जो येईल तो त्या जागेवर बसतो.

कॅरिबियन समुद्रातल्या बेटांवर नेमकी हीच पद्धत वादळांना लावलेली दिसते. पोर्टो रिकोत ज्या संताच्या दिवशी वादळ येई त्या संताचे नाव त्याला मिळे. १३ सप्टेंबर १८७६ चे वादळ 'सान फेलिपे' झाले. बावन्न वर्षांनी, १९२८ मध्ये, पुन्हा १३ सप्टेंबरलाच दुसरे आले, तर तेही 'सान फेलिपे', पण 'दुसरा'. ही चाल कोकणात असती तर १९२७ चे आणि २००९ चे वादळ एकाच नावाने ओळखले गेले असते, आणि ११ नोव्हेंबरला होडी पाण्यात घालताना कोळ्याने दोनदा विचार केला असता. वारशाने आलेले नाव थोडाफार इशाराही देते. आजच्या पद्धतीत ते गेले.

आजची पद्धत कुठून आली, ते थोडक्यात सांगतो. 'सायक्लोन' हा शब्द आपल्या देशात घडला. कलकत्त्याच्या सागरी न्यायालयाचे अध्यक्ष हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ मध्ये खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात तो सुचवला; ग्रीक भाषेतल्या सापाच्या वेटोळ्यावरून. तो जातीचा शब्द झाला, व्यक्तीचा नव्हे. एकेका वादळाला स्वतःचे नाव देण्याचा नाद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडचे हवामानतज्ज्ञ क्लेमंट रॅग यांनी लावला. आधी ग्रीक अक्षरे, मग पॉलिनेशियन पुराणातली नावे, आणि शेवटी ज्या राजकारण्यांशी त्यांचे पटत नसे त्यांची नावे. अमुक पुढारी किनाऱ्यावर धुमाकूळ घालत आहे, असे सरकारी पत्रकात लिहिण्याचे सुख त्यांनी मनसोक्त घेतले. पुढे १९४१ मध्ये अमेरिकेत जॉर्ज स्ट्युअर्ट यांची 'स्टॉर्म' ही कादंबरी आली. तिच्यातला तरुण हवामानतज्ज्ञ वादळाला 'मारिया' म्हणतो. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरावरच्या अमेरिकी हवामान अधिकाऱ्यांनी स्त्रियांची नावे वापरायला सुरुवात केली आणि १९५३ पासून अटलांटिकमध्ये ती अधिकृत झाली. नाशाला बाईचेच नाव का, असा प्रश्न रॉक्सी बोल्टन यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी लावून धरला, तेव्हा कुठे १९७९ मध्ये तिथे पुरुषांची नावे आली. ऑस्ट्रेलियाने ती चार वर्षे आधीच घेतली होती. हा वाद वाचताना मला मराठीचे कौतुक वाटले. वावटळ ती, झंझावात तो, पण वादळ ते. व्याकरणाने भांडण आधीच मिटवून ठेवले आहे.

आपल्या दोन समुद्रांत मात्र २००४ पर्यंत वादळे बिननावाचीच राहिली. जुनी नोंद म्हणजे वर्ष आणि ठिकाण: १९७७ चे दिवी सीमेचे, १९९९ चे ओडिशाचे. आपले हवामान खाते स्थापन झाले १८७५ मध्ये. १९२८ साली त्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आले आणि तिथल्या इमारतीला पुणेकर अजून 'शिमला ऑफिस' म्हणतात. पत्त्याला नाव चिकटते, तसे वादळाला चिकटायला बराच वेळ लागला. सन २००० मध्ये मस्कतला आपल्या भागातील देशांच्या चक्रीवादळ मंडळाची बैठक झाली, तीत नावे देण्याचे तत्त्वतः ठरले. त्यानंतर चार वर्षांनी बांगलादेश, भारत, मालदीव, म्यानमार, ओमान, पाकिस्तान, श्रीलंका आणि थायलंड या आठ देशांनी प्रत्येकी आठ अशी चौसष्ट नावे दिली. इंग्रजी वर्णानुक्रमाने देश एकाखाली एक, आणि वादळ येईल तसे पुढचे नाव. अटलांटिकमध्ये यादी दर सहा वर्षांनी फिरून येते आणि फार संहारक ठरलेले नाव तेवढे बाद करतात. आपल्याकडे नाव एकदाच वापरायचे. ते संपले की संपले.

म्हणून कोकणाच्या वाट्याला म्यानमारचा शब्द आला. आधी बांगलादेशची 'निशा' तमिळनाडूत, मग भारताची 'बिजली', मग मालदीवची 'आयला' बंगालमध्ये, आणि चौथ्या पाळीला फयान. भारताने दिलेली पहिली आठ नावे ओळीने वाचा: अग्नी, आकाश, बिजली, जल, लहर, मेघ, सागर, वायू. शाळेतली पंचमहाभूतांची उजळणीच. यात कोणाचे काही दुखावण्याची सोय नाही. श्रीलंकेने 'महासेन' दिले आणि २०१३ मध्ये ते वापरात येताच तिथल्याच लोकांनी हरकत घेतली. तलाव बांधणाऱ्या राजाचे नाव नासधूस करणाऱ्याला कसे देता? ते नाव मागे घेतले गेले.

२०२० मध्ये इराण, कतार, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि येमेन आल्यावर तेरा देशांची १६९ नावांची नवी यादी झाली. नाव आठ अक्षरांपेक्षा मोठे नको, उच्चाराला सोपे हवे, कोणाला लागणारे नको. ही अक्षरे अर्थात रोमन. आपली फजिती तिथूनच सुरू होते. मे २०२१ मध्ये म्यानमारच्या यादीतले नाव आले, त्याचा उच्चार खात्याने 'ताउते'च्या जवळचा सांगितला होता. आपण रोमन स्पेलिंग वाचून 'तौक्ते' केले आणि तेच रूढ झाले. मूळ अर्थ पाल. त्या आठवड्यात मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात 'पी-३०५' हा तराफा बुडून साठांहून अधिक कामगार गेले. इशारा आधी आलेला असताना तराफा समुद्रात राहिला कसा, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. मराठीत ज्या पालीच्या चुकचुकण्याने मनात शंका यावी, ती पाल या वेळी नावातच होती. पण ते कळणार कसे?

नव्या यादीतले पहिलेच नाव महाराष्ट्रावर आले. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला 'निसर्ग' जमिनीवर चढले आणि रोठ्याच्या सुपारीच्या, नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या. नाव बांगलादेशचे, पण शब्द बंगालीत आणि मराठीत तोच. 'निसर्गाचा तडाखा' या मथळ्यात निसर्ग सामान्यनाम की विशेषनाम, हे मजकूर वाचल्याखेरीज कळेना. काही का असेना, नाव होते. पंचनाम्यावर, शासन निर्णयावर, विधानसभेतल्या भाषणात ते आले. वाडीतल्या माणसाला 'निसर्गमध्ये गेलं' एवढे सांगितले की पुरे होते.

आता सोलापूर. त्याच वर्षी, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला. १३ तारखेला सकाळी तो काकीनाड्याजवळ किनारा ओलांडून तेलंगणात शिरला. हैदराबाद बुडाले. आमच्या भवानी पेठेत मराठी, तेलुगू आणि कन्नड एकाच बोळात ऐकू येतात. यंत्रमागावर काम करणाऱ्या कित्येक घरांचे नातेवाईक तिकडे. फोन येऊ लागले. शेजारच्या मावशींनी मला विचारले, "काय ओ, तुम्ही वादळाचं लिहिता, ह्याचं नाव काय?"

नाव नव्हते. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरला पोचला की चक्रीवादळ, आणि मगच नाव. हे त्याच्या एक पायरी खाली राहिले: 'तीव्र कमी दाबाचा पट्टा'. १४ ऑक्टोबरला ते विरत विरत सोलापूर-कलबुर्गी भागावर आले आणि वर्षाला सुमारे साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या जिल्ह्यावर आभाळ फाटले. भीमा आणि सीना पात्र सोडून शेतात आल्या. उजनी भरलेले असल्याने वरून विसर्ग चालूच होता. पंढरपूरला कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा माणसे दगावली. काढणीला आलेले सोयाबीन, डाळिंबाच्या बागा, नुकतीच पेरलेली ज्वारी, काहीच राहिले नाही. पंचांगाप्रमाणे तो चित्रा नक्षत्राचा पाऊस; सरकारी कागदावर तो 'अतिवृष्टी'. बारशाचा नियम वारा मोजतो, पाणी मोजत नाही. समुद्रावर ते योग्यच आहे, कारण खलाशाला वाऱ्याची भीती. पण देशावरचा माणूस वाऱ्याने क्वचित मरतो. तो मरतो पाण्याने, आणि आमच्यापर्यंत पोचेपर्यंत वादळाचा वारा गेलेला असतो, उरते ते पाणीच.

पुढच्याच वर्षी हे मराठवाड्यात आणखी स्पष्ट दिसले. सप्टेंबर २०२१ मध्ये पाकिस्तानने नाव दिलेले 'गुलाब' आंध्रच्या किनाऱ्यावर चढले, तेलंगणातून येताना त्याचे चक्रीवादळपण गेले, आणि मराठवाड्यात त्याने मांजरा नदीला पूर आणला. तेच अवशेष गुजरातजवळ अरबी समुद्रात उतरले, पुन्हा बळावले, तर नियमाने त्यांना नवे नाव मिळाले: कतारचे 'शाहीन'. ओमानला ते शाहीन म्हणून धडकले. आंध्रात गुलाब, ओमानात शाहीन, आणि मधल्या आपल्या मुलखावरून ते गेले ते कोणीच नसल्यासारखे.

याच्या अगदी उलट उदाहरण मुंबईचे आहे. आपत्तींच्या कित्येक याद्यांत '१८८२ चे मुंबईचे महाचक्रीवादळ' सापडते, एक लाख मृतांसह. कोलंबिया विद्यापीठातील अ‍ॅडम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यांत भारतीय संशोधकही होते, जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा असे वादळ झालेच नव्हते असा निष्कर्ष निघाला. लाखभर माणसे गेली असती तर त्या वेळच्या वर्तमानपत्रांना आणि कुलाब्याच्या वेधशाळेला ते कळले नसते काय? तरी ते वादळ याद्यांतून हलत नाही. त्याला नाव आहे ना.

नव्या यादीत भारताची तेरा नावे आहेत: गती, तेज, तमिळमधला नगारा म्हणजे मुरासु, मग आग, व्योम, नीर, प्रभंजन, अंबुद, जलधी वगैरे. ज्याला हौस असेल तो नागरिक हवामान खात्याला नाव सुचवू शकतो. कमी दाबाच्या पट्ट्यांनाही नावे द्या, असे मी म्हणणार नाही. वर्षाला इतके पट्टे येतात की चारच वर्षांत नावांचा बाजार भरेल आणि खऱ्या इशाऱ्याची किंमत जाईल. मी वेगळे काम करतो आहे. गेली काही वर्षे पंढरपूर, मोहोळ, माढा, अक्कलकोट या बाजूंना जाणे झाले की २०२० च्या त्या पावसाला लोक काय म्हणतात ते टिपून घेतो. पंढरपुरात 'कुंभार घाटाचा पूर' ऐकले. इतरत्र बहुतेक जण 'कोरोनातला पूर' म्हणतात. एका गावी 'बांध फुटला ते साल' मिळाले. सीनेच्या काठी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने बराच वेळ आठवून सांगितले, "आमची मोटर व्हाऊन गेली, तो पाऊस."