सवडीचा इतिहास

वर्ष संपताना आमच्या घरातली एक दोनशे पानी वही निम्म्याहून थोडी अधिक भरली आहे. पुस्तकाचे नाव, वाचायला घेतल्याची तारीख, संपवल्याची तारीख आणि खाली चार ओळींचे टिपण, एवढीच तिची रचना. घरात दोन नोकऱ्या, शाळेत जाणारी दोन मुले आणि गुडघ्यांमुळे जिना न उतरणाऱ्या आजी. अशा घरात वाचनाला वेगळा वेळ नसतो, तो कुठून तरी काढावा लागतो. म्हणून वर्षारंभी आम्ही उभयतांनी एकच बंधन घालून घेतले होते: वाचायचे ते आपल्या शहराविषयी, मराठवाड्याविषयी किंवा इकडच्या माणसांविषयी. २०२३ साली शहराचे नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले. त्या सुमारास घरी जे वाद झाले, त्यांत या गावाचा इतिहास आपल्याला किती थोडा ठाऊक आहे, हे दोघांच्याही ध्यानात आले होते.

सुरुवात गावाच्या जन्मापासून केली. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी वसवली, त्याच्या मुलाच्या काळात ती फतेहनगर झाली आणि १६५३ मध्ये शाहजादा औरंगजेबाने तिला आपले नाव दिले. उत्तरेकडच्या डोंगरांपासून जमिनीखालून, केवळ उताराच्या बळावर गावात पाणी आणणाऱ्या अंबरी नहरीची हकिकत आम्ही वाचली ती नळाला पाणी यायच्या रात्री, टाकी भरण्याची वाट पाहत. त्या योगायोगावर हसू आले. पण वाचनाची आमची वेळही त्याच रात्री ठरली. कुकरच्या शिट्ट्यांमध्ये, शाळेच्या फाटकाबाहेर, दवाखान्याच्या बाकावर असे हे वाचन वर्षभर चालले.

मनात सारखी एक खंत असे. हे खरे वाचन नव्हे. खऱ्या अभ्यासाला निवांतपणा हवा, सलग तास हवेत, दार लावून घेता येईल अशी खोली हवी. ही खंत दूर केली ती त्या पुस्तकांच्या कर्त्यांनीच.

पहिले उदाहरण शेजारच्या पैठणचे. एकनाथ हे गृहस्थाश्रमी संत. पत्नी गिरिजाबाई, मुलगा हरिपंडित, मुली, दारात येणारी माणसे, असा त्यांचा भरलेला प्रपंच होता. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर अधिकारी होते आणि शिष्याकडे हिशेबाचे काम असे. हिशेबात एका पैची चूक सापडावी म्हणून एकनाथांनी रात्र जागून काढल्याची कथा परंपरा सांगते. या कथेतला माणूस आम्हाला पुढच्या एका कामात पुन्हा भेटला. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्या मिळवून, त्यांतले पाठ ताडून पाहून ग्रंथ शुद्ध केला. मराठीतल्या पाठचिकित्सेचा हा पहिला मोठा प्रयत्न कुठल्या विद्यापीठात नव्हे, एका राबत्या घरात झाला. पैची चूक शोधणारी चिकाटीच पोथीतला अपपाठ शोधते.

दुसरे उदाहरण भीमसेन सक्सेनाचे. हा कायस्थ कारकून १६४९ मध्ये बुऱ्हाणपुरात जन्मला, वडिलांच्या मोगली नोकरीमुळे औरंगाबादेत वाढला आणि पुढे दलपतराव बुंदेल्याच्या पदरी राहून दक्षिणेतल्या मोहिमांमागे फिरला. त्याचा 'तारीख-ए-दिलकुशा' हा फारसी ग्रंथ औरंगजेबाच्या दक्षिणस्वारीचा अत्यंत मोलाचा साधनग्रंथ मानला जातो. या ग्रंथात लढाया आहेतच. पण धान्याचे भाव, पूर, चिखल, बाजारपेठा आणि थकलेली माणसे यांनाही त्यात जागा आहे. एका ठिकाणी तो लिहितो की मोहिमा संपेनात तेव्हा छावणीतल्या लोकांनी आपली कुटुंबे तिथेच बोलावून घेतली. तंबूत मुले जन्मली, वाढली, म्हातारी झाली, आणि तंबूवाचून दुसरे घर असते हे त्यांना दिसलेच नाही. साम्राज्याच्या ऱ्हासाची कारणे सांगणारी अनेक पुस्तके आहेत; परंतु हा एक तपशील त्यांतल्या पुष्कळांहून अधिक बोलतो. तो टिपायला संसाराची किंमत ठाऊक असलेला, हिशेबाच्या वहीतून मान वर करून आजूबाजूला पाहणारा माणूसच हवा होता.

भीमसेनाला 'मोगल आणि मराठे' या नावाने मराठीत आणले ते सेतुमाधवराव पगडी यांनी. निलंग्यात १९१० साली जन्मलेले पगडी हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेतले अधिकारी. नोकरीने आदिवासी भागात नेले तर तिथे गोंडी आणि कोलामी शिकले. बाकीच्या सवडीत फारसी साधने मराठीत आणत राहिले. नरहर कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत वारंवार नापास झाले आणि नांदेडच्या शाळेत शिकवता शिकवता असे वाचत राहिले की पुढे विद्यापीठांनी त्यांना ऐकावे. १९८२ च्या फेब्रुवारीत त्यांना मृत्यूने गाठले तेही याच शहरातल्या एका व्यासपीठावर. हैदराबाद मुक्तिसंग्रामात स्वतः उतरलेल्या अनंत भालेरावांनी त्या लढ्याचा इतिहास लिहिला. त्यापूर्वी दीर्घकाळ ते 'मराठवाडा' दैनिकाचा रोजचा गाडा ओढत आले होते.

इथवर वाचून आम्ही सुखावलो होतो. आमच्या तुकड्यातुकड्यांच्या वाचनाला जणू कुळच मिळाले होते. भाद्रपदात, महालक्ष्म्यांच्या दुसऱ्या दिवशी, दमून बसलो असताना वही सहज चाळली आणि हे सुख ओसरले. वहीत दोन हस्ताक्षरे आहेत. तोवर झालेल्या एकवीस नोंदींपैकी पंधरा एका हातच्या होत्या, सहा दुसऱ्या हातच्या. कोणता हात कोणाचा, हे सांगण्याची गरज नाही. सणाच्या दोन दिवसांत एका हाताने भालेरावांचे प्रकरण संपवले होते आणि दुसऱ्याने सोळा भाज्या निवडल्या होत्या.

मग वाचलेली पुस्तके वेगळीच दिसू लागली. एकनाथांनी पोथ्या ताडून पाहिल्या त्या दिवशी दारी आलेल्यांची पाने कोणी वाढली? प्रपंचात राहून केलेल्या कामाचे कौतुक करताना तो प्रपंच कोणी चालवला, हे आम्ही विचारलेच नव्हते. एकाची सवड ही बहुधा दुसऱ्याच्या कष्टांतून काढलेली असते, आणि त्या उसनवारीची नोंद इतिहासात फारशी राहत नाही.

शहरातली पाणचक्की या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात अठराव्या शतकात पाण्यावर फिरणारे जाते बसले आणि फकीर, यात्रेकरूंसाठी पीठ निघू लागले. त्याच आवारात एक नामांकित ग्रंथालय होते. बाबांच्या आठवणींचा फारसी संग्रह त्यांचे उत्तराधिकारी शाह महमूद यांनी केला. सायमन डिग्बी यांचा त्याचा इंग्रजी अनुवाद २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. एका बाजूला पीठ, दुसऱ्या बाजूला पुस्तके: सवडीचे अर्थशास्त्र याहून सोपे करून सांगता येणार नाही. दळण पाण्याने दळले की हात मोकळे होतात. पण गावोगावच्या घरांत जाते बाईच्याच हाताने फिरत राहिले. तिने त्या कष्टांतच ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रयत्नांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. सवड न मिळालेल्यांचे हे वाङ्मय आहे.

वर्षाच्या उत्तरार्धात आम्ही बंधन थोडे सैल केले आणि मराठवाड्याबाहेर गेलो. रमाबाई रानडे यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणी पुन्हा वाचल्या. पती रात्री शिकवीत आणि त्याच शिकण्यापायी दिवसा घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे सोसावे लागत, हे पूर्वी वाचले तेव्हा आम्हाला त्या बायकांचा राग आला होता. या वेळी वाटले, साऱ्या घरात एकीलाच सवड मिळाली की बाकीच्यांच्या वाट्याला मत्सराखेरीज काय उरणार? ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' हे १९८९ चे पुस्तक त्यापुढचे पाऊल टाकते. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, त्यांना बोलते करून, त्यांचा इतिहास या दोघींनी लिहिला. ज्यांना लिहायला सवड नव्हती, त्यांच्याकडे जाऊन बसणे हीही इतिहासलेखनाची रीत आहे. बाबासाहेबांनी जिथे १९५० साली मिलिंद महाविद्यालय उभारले, त्या शहरात राहून हे पुस्तक हाती यायला आम्हाला इतकी वर्षे लागली.

दिवाळीनंतर घरात एक बदल झाला. रात्रीच्या जेवणानंतर एकाने ओटा आवरायचा, भाजी निवडायची आणि दुसऱ्याने मोठ्याने वाचायचे. दुसऱ्या दिवशी पाळी बदलायची. श्रावणात पोथी ऐकत वाढलेल्या आजींना यात काहीच नवल वाटले नाही. त्या भिंतीला टेकून ऐकतात आणि मध्येच थांबवतात. भीमसेनाच्या छावणीतली ती हकिकत ऐकल्यावर त्यांनी विचारले, "तंबूत बाळंतपणं कोण करत होतं?" वर्षभराच्या टिपणांत इतका नेमका प्रश्न दुसरा नाही. त्याचे उत्तर आम्हाला भीमसेनात सापडलेले नाही.

वहीची उरलेली पाने पुढच्या वर्षाला पुरतील. नोंदींत आता 'वाचले' याच्या शेजारी 'ऐकले' असा आणखी एक रकाना आखला आहे, आणि आजींचा प्रश्न त्या रकान्यात पहिल्या ओळीवर लिहून ठेवला आहे.