अक्षता पडल्यानंतरची प्रेमकथा

मराठी मालिकांतील टिकाऊ प्रेम बहुतेक वेळा लग्नानंतरचे असते. चित्रपट अक्षता पडल्या की संपू शकतो; मालिकेला त्यानंतरही रोज रात्री नवा भाग द्यावा लागतो. म्हणून नवरा-बायकोचे नाते हाच तिचा खरा विषय झाला आणि तो मांडण्याची तऱ्हा पिढीगणिक बदलत गेली.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याच दशकात चि. वि. जोशी यांच्या कथांवर बेतलेली ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ लोकप्रिय झाली. दिलीप प्रभावळकर यांनी रंगवलेल्या चिमणरावाचा आणि काऊचा संसार फजित्यांनी भरलेला होता, पण तो टिकेल की नाही हा प्रश्न कोणाच्या मनातही येत नसे.

तो प्रश्न ‘आभाळमाया’ने ठामपणे उभा केला. १९९९मध्ये सुरू झालेल्या अल्फा मराठीवरील या मालिकेत सुकन्या कुलकर्णी यांची सुधा जोशी ही नोकरी करणारी, विचारी स्त्री होती. नवरा शरद दुसऱ्या स्त्रीत गुंततो, तेव्हा सुधा दोन मुलींना घेऊन स्वतःच्या हिमतीवर उभी राहते. सोसणे म्हणजेच निष्ठा, हे समीकरण इथे मोडले. मराठी दूरचित्रवाणीच्या इतिहासात या घटनेचे मोल मोठे आहे.

पुढच्या दशकात मात्र जोडपे मागे पडले आणि घराणे पुढे आले. ई टीव्ही मराठीवरील ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ या काळात तीन हजारांहून अधिक भाग चालली. अशा मालिकांत नवऱ्याचे प्रेम हे बहुधा सासू-सुनांच्या सत्तास्पर्धेतले एक प्यादे असे.

२०१२मध्ये सतीश राजवाडे दिग्दर्शित ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ने वारे फिरवले. घनाला अमेरिकेला जायचे आहे, राधाला लग्नच नको आहे. म्हणून दोघे घरच्यांच्या समाधानासाठी ठरवून, तात्पुरते लग्न करतात. या भूमिकांतील स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे यांची भांडणे, चिडवणे, मधूनच गप्प होणे यांतून प्रेम नकळत उगवते. पाठोपाठ २०१३मध्ये ‘जुळून येती रेशीमगाठी’ आली. मेघनाचे दुसऱ्या मुलावर प्रेम असते, पण वडिलांच्या हट्टामुळे तिचे लग्न आदित्य देसाईशी होते. सत्य कळल्यावर आदित्य तिच्यावर हक्क सांगत नाही, उलट तिला मदत करू पाहतो. त्याच्या या संयमातूनच मेघनाचे मन वळते. ‘आभाळमाया’तल्या सुकन्या कुलकर्णी इथे प्रेमळ सासूच्या, माईंच्या भूमिकेत होत्या. त्याच वर्षीच्या ‘होणार सून मी ह्या घरची’मधले जान्हवीचे नवऱ्याला उद्देशून असलेले ‘काहीही हं श्री’ हे वाक्य घराघरांत बोलले जाऊ लागले आणि तिच्यासारखे काळ्या मण्यांचे मंगळसूत्र दुकानांत मागितले जाऊ लागले. जवळीक दाखवायला असे एक वाक्य पुरते. मोठ्या संवादांपेक्षा अशा छोट्या सवयींतच या जोडप्यांचे खरे बळ होते.

पण दैनंदिन मालिकेचे गणित या सुखाला फार काळ टिकू देत नाही. टीआरपीचे आकडे दर आठवड्याला येतात आणि कथानक त्यांच्या तालावर वळते. लग्नाचा महाएपिसोड मुंडावळ्या, मंगलाष्टके, उखाणे यांनी सजतो. त्यानंतर गैरसमज, अपघात, तिसरी व्यक्ती आणि काही वर्षांची उडी हे ठरलेले टप्पे येतात. जान्हवीचे गरोदरपणही इतके लांबले की त्यावर विनोद झाले. सुखी जोडप्याची गोष्ट रोज सांगता येत नाही, ही निर्मात्यांची समजूत या मालिकांना सर्वांत जास्त भोवली.

अलीकडे वय हा नवा पैलू जोडला गेला. २०१९मधल्या ‘अग्गंबाई सासूबाई’त निवेदिता सराफ यांची विधवा आसावरी उतारवयात शेफ अभिजित राजेंशी लग्न करते आणि त्यासाठी पुढाकार घेते ती तिची सून शुभ्रा. ज्या सासू-सुनेच्या नात्यावर दशकभर भांडणे रचली गेली, तेच इथे दुसऱ्या सहजीवनाचा आधार झाले. त्याच वर्षी स्टार प्रवाहवर बंगाली ‘श्रीमयी’वर बेतलेली ‘आई कुठे काय करते!’ सुरू झाली. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर अरुंधतीच्या नवऱ्याचे, अनिरुद्धचे, संजनाशी असलेले संबंध उघड होतात, अरुंधती घटस्फोट घेते आणि पुढे आशुतोषशी विवाह करते. मोठी मुले असलेल्या आईच्या पुनर्विवाहाचे कथानक मुख्य वेळेत सांगणारी ही मालिका २०२४पर्यंत चालली.